गिऱ्हाईक कितला शेतस? लिलाव बरा का बांधावरचा सौदा बरा, ठरवायचं कसं

आमच्याकडे यावल तालुक्यात काकांची केळी आणि तिकडे शहाद्याजवळ मामांची मिरची, हे दोघं दिवाळीला भेटले की दरवर्षी एकच वाद. काकांचं म्हणणं, तुमचं बरं आहे भो, माल गाडीत भरला, नंदुरबारच्या मार्केटला नेला, चारचौघांत बोली लागली, जो जास्त बोलला त्याचा माल, आमच्याकडे व्यापारी बांधावर येतो, घडांकडे बघतो, बोर्डावर (म्हणजे केळीच्या रोज जाहीर होणाऱ्या भावात) आज अमुक भाव आहे पण तुमच्या मालाला एवढाच देतो म्हणतो आणि विषय संपला. मामांचं म्हणणं बरोबर उलटं, की तुमचं बरं, घरबसल्या सौदा, गाडीभाडं नाही, लाईनीत ताटकळणं नाही, आणि आभाळ भरून आलं की आमची बोली कशी बसते ते एकदा येऊन बघा. मी लहानपणापासून हा वाद ऐकतोय आणि बरीच वर्षं मला वाटायचं की दोघांपैकी कोणीतरी एक चुकतंय. मग शेतीमालाच्या बाजारावर जे जे मिळेल ते वाचत गेलो, मार्केटात उभं राहून बघत गेलो, आणि आता मला वाटतं की पद्धत कोणती हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न आमची आजी अहिराणीत विचारायची तोच आहे, "गिऱ्हाईक कितला शेतस?" म्हणजे आपल्या मालावर खरोखर किती जण घ्यायला उभे आहेत.

आधी शब्द नीट करून घेऊ. लिलाव म्हणजे ज्याला आपल्याकडची जुनी माणसं हर्राशी म्हणतात, माल समोर, घेणारे समोर, बोली उघड, शेवटी जास्त बोलणाऱ्याला माल. सौदा म्हणजे एक विकणारा आणि एक घेणारा, दोघांनी बोलून भाव ठरवायचा, मग तो केळीचा बांधावरचा सौदा असो, कापसाची खेडा खरेदी (व्यापाऱ्याने गावात येऊन केलेली) असो, नाहीतर लिंबाची किंवा आंब्याची बाग उक्ती, म्हणजे सगळ्या बागेचा मिळून एकच आकडा ठरवून, देऊन टाकणं असो. ताज्या मालाला म्हणजे भाजी, फळं, मासे, दूध, याला एक जादा अडचण असते की तो थांबत नाही. गहू-हरभरा पोत्यात भरून ठेवता येतो, पण काढलेली मेथी दुपारपर्यंत माना टाकते. त्याच्यामुळे ताज्या मालात भावाइतकीच घाईपण किंमत ठरवते, हे पुढे परत परत येणार आहे.

लिलाव उघड का असतो, त्याच्यामागे जुनी गोष्ट आहे. पूर्वी कापसाच्या आणि धान्याच्या बाजारात रुमालाखालचा सौदा चालायचा, त्याला हत्ता पद्धत म्हणायचे. आडत्या (आडत म्हणजे कमिशन घेऊन शेतकऱ्याचा माल विकून देणारा) आणि व्यापारी एका कापडाखाली हात धरायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता त्या कापडाकडे बघायचा. किती भाव सांगितला गेला, किती जणांनी मागितलं, त्याला काही कळायचं नाही. ह्या अशा प्रकारांमुळे १९२७ साली मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा झाला, १९२८ च्या शाही कृषी आयोगानेही नियमन केलेले बाजार हवेत असं सांगितलं, आणि पुढे महाराष्ट्राचा बाजार समितीचा कायदा १९६३ साली आला, ज्याच्या चौकटीत आवारातली उघड बोली ही मुख्य पद्धत झाली. म्हणजे लिलाव ही शेतकऱ्याच्या बाजूने आणलेली गोष्ट आहे, त्याचा सगळा जीव उघडेपणात आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आज आपण बाजार समितीच्या नावाने कितीही बोटं मोडली तरी तो रुमाल काढून टाकणं ही लहान गोष्ट नव्हती.

आता लिलावात भाव नक्की ठरतो कसा ते बघू, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज आहे. समजा मामांच्या मिरचीवर पाच व्यापारी उभे आहेत. प्रत्येकाच्या डोक्यात एक जास्तीत जास्त भाव आहे ज्याच्यावर तो जाणार नाही. पहिल्याचा ५,००० रुपये क्विंटल, दुसऱ्याचा ४,८००, तिसऱ्याचा ४,६००, चौथ्याचा ४,३००, पाचव्याचा ४,०००. (हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत.) बोली चढत जाते, ४,००० ला पाचवा गप्प होतो, ४,३०० ला चौथा, ४,६०० ला तिसरा, मग पहिला आणि दुसरा खेचाखेची करतात आणि ४,८०० च्या थोडं वर दुसरा सोडतो. माल पहिल्याला जातो, पण भाव त्याच्या मनातला ५,००० नाही लागला, दुसऱ्याच्या ४,८०० वर थांबला. म्हणजे चढत्या लिलावात भाव ठरवतो तो हरणारा, जिंकणारा नाही! हे एकदा डोक्यात बसलं की सगळं उलगडतं. दुसऱ्या नंबरचा माणूस त्या दिवशी लग्नाला गेला असेल तर भाव ४,६०० वर येतो, मिरची तीच, जिंकणारा तोच, खिसाही तोच, तरी आपले दोनशे रुपये गेले.

आणि हेच बांधावर? तिथे आपल्यासमोर पाचातला एकच आला, तो कोणता आला हे नशीब. चौथा आला असेल तर तुम्ही कितीही चांगले बोलणारे असा, ४,३०० च्या वर तो जाणारच नाही, त्याला परवडतच नाही. पहिला आला असेल तर तुम्ही ताणून ४,९०० पण घेऊ शकता, पण तो पहिला आहे हे तुम्हाला कळणार कसं? तो तर कपाळाला आठ्या घालूनच उभा असतो.

ह्याच्यावर दोन अर्थशास्त्रज्ञांनी, जेरेमी बुलो आणि पॉल क्लेम्परर यांनी, १९९६ साली एक निबंध लिहिला, त्याचा विषयच लिलाव विरुद्ध वाटाघाट असा होता. गणित अवघड आहे पण निष्कर्ष आपल्या आजीला पटेल असा आहे, की काही ठरावीक अटी धरल्या तर, साधा लिलाव करून त्यात एक जादा खरा गिऱ्हाईक आणणं हे कितीही हुशारीने केलेल्या घासाघिशीपेक्षा सरासरीने जास्त पैसे देतं. म्हणजे बोलण्यातलं कसब वाढवण्यापेक्षा समोरचा एक माणूस वाढवा. लिलावाचं शास्त्र ही मोठी शाखा आहे, विल्यम विक्री यांनी १९६१ साली तिचा पाया घातला, त्यांना १९९६ मधे नोबेल मिळालं, आणि २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना लिलावावरच्या कामासाठीच मिळालं. पण आपल्याला लागणारी गोष्ट त्या एका वाक्यात आली.

फक्त त्या वाक्यात "खरा" हा शब्द आहे, आणि आपल्या मार्केटात सगळं अडतं तिथेच. पाच जण रिंगणात उभे आहेत, आवाज पाचही काढतायत, पण त्यातले तीन सकाळी चहाच्या टपरीवर ठरवून आलेत की आज ही गाडी तू घे, ती मी घेतो, तर गिऱ्हाईक पाच नाहीत, तीनच आहेत. वरच्या उदाहरणात पहिला, दुसरा आणि तिसरा एक झाले तर भाव थेट चौथ्यावर येऊन थांबतो, ४,३००. बोली उघड होती, नियम पाळला गेला, पावती मिळाली, आणि तरी पाचशे रुपये क्विंटलमागे गेले. आमच्या मामांच्या एका गाडीवर एका मार्केटात (कुठल्या ते नाही लिहीत) अशी बोली झाली होती की पहिल्या आवाजानंतर बाकीचे पुढच्या गाडीकडे चालायलाच लागले. मामा नुसते बघत राहिले, गाडी परत न्यायची तर भाडं अंगावर आणि ओली मिरची उन्हात वाफाळलेली. तेव्हा लिलाव आहे म्हणून स्पर्धा आहे असं समजायचं नाही, लिलाव हा रिकामा मांडव आहे, वऱ्हाडी किती आले ते मोजावं लागतं.

नंदुरबारला पावसाचंही असंच आहे. तिथली ओली लाल मिरची घेणारा व्यापारी ती शहराबाहेरच्या पथारीवर वाळत घालतो, हजारो क्विंटल लाल मिरची उघड्या जमिनीवर पसरलेली असते, ज्यांनी पाहिलंय त्यांना ते दृश्य माहीत आहे. अवकाळी पाऊस आला की पथारीवरची मिरची भिजते, नवीन टाकायला जागा नाही, व्यापारी हात आखडता घेतो, कधी लिलावच बंद ठेवावे लागतात. म्हणजे मिरची पिकवणाऱ्याच्या शेतात काही बिघडलेलं नसताना त्याचे गिऱ्हाईक पाचाचे दोन झाले. मामा आभाळाकडे बघून बोलीचा अंदाज करतात तो याच्यामुळे.

आता काकांकडे येऊ, कारण केळीची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त गुंतागुंतीची आहे. लोक विचारतात की रावेर, यावल, सावदा, फैजपूर, चोपडा, एवढी केळी, मग मिरचीसारखी मार्केटात नेऊन लिलाव का नाही करत? कारण केळी झाडावर असेपर्यंतच शेतकऱ्याची आहे. घड कापला की घड्याळ सुरू होतं. कच्चा हिरवा घड कापून, फण्या करून, ट्रकमधे भरून उत्तरेत दिल्लीकडे जाणार, तिथे पिकणार, म्हणजे रस्त्यातले दिवस आधीच मोजलेले असतात. त्यात घड यार्डात उतरवला, परत चढवला, तर साल घासते, काळी पडते, आणि ते दोन दिवसांनी पिकल्यावर दिसतं. आपल्या भुसावळच्या मे महिन्याच्या उन्हात यार्डात बोलीची वाट बघत उभी असलेली केळी म्हणजे तासाला भाव उतरणारा माल. आणि एकदा कापून नेलेली केळी परत आणून झाडाला लावता येत नाही, त्याच्यामुळे कापल्यानंतर भाव ठरवणं म्हणजे हातपाय बांधून कुस्तीला उतरणं. म्हणून भाव कापणीच्या आधी, बांधावर ठरतो, आणि ते बरोबरच आहे, त्यात शेतकऱ्याचा अडाणीपणा नाही.

पण मग काकांचं नुकसान कुठे होतं? तर झाडावरच्या केळीलाही थांबायची मर्यादा आहे. नवती (नवी लागवड) असो, पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवरची) असो, माल पूर्ण भरला, म्हणजे फळ पोसून कापायला आलं, की आठ-दहा दिवसांत कापलाच पाहिजे, नाहीतर झाडावरच पिवळा पडतो, त्यात वादळ आलं तर आडवाच. हे व्यापाऱ्याला बागेत पाऊल टाकल्या टाकल्या कळतं. घासाघिशीत ज्याला थांबता येत नाही तो हरतो, मग तुमचं तोंड कितीही चालो. काकांनी एका वर्षी माल भरून गेल्यावर मग फोन करायला सुरुवात केली, बोर्डावर जो भाव होता त्यापेक्षा क्विंटलला अडीचशे कमीने द्यावी लागली, कारण तोपर्यंत दुसऱ्या व्यापाऱ्याला आणायला वेळच उरला नव्हता. तीच बाग, तोच व्यापारी, पण पंधरा दिवस आधी बोलणी सुरू केली असती तर काकांना नाही म्हणता आलं असतं. सौद्यात खरी ताकद ही नाही म्हणता येण्यात आहे, आणि नाही तेव्हाच म्हणता येतं जेव्हा पाठीमागे दुसरा कोणीतरी असतो. बघा, आलो परत आजीच्याच प्रश्नावर.

मग बोर्डाचा भाव कशाला असतो? हा मुद्दा जरा सावकाश समजून घ्या, कारण मला स्वतःला हा सगळ्यात उशिरा कळला. सौदा हवेत होत नाही, दोघांच्या डोक्यात एक आकडा असतो आणि त्याच्या वर-खाली बोलणं चालतं. तो आकडा कुठून येतो? रावेरचा भाव आणि बऱ्हाणपूरचा भाव हे दोन्ही आपल्याकडचा केळीवाला सकाळी व्हॉट्सॲपवर बघतो. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी ती फारुकी राजांच्या जुन्या खानदेशाची राजधानी, आणि तिथल्या मंडीत केळीची बोली लागते. आता विचार करा, की लिलावात न उतरलेला शेतकरीही लिलावातून निघालेल्या आकड्यावरच सौदा करतो. म्हणजे लिलाव त्याला फुकटात थर्मामीटर देतो. पण सगळेच बांधावर विकायला लागले आणि मंडीत चारच गाड्या उरल्या तर त्या चार गाड्यांचा भाव हलवणं सोपं होतं, आणि तो चार गाड्यांचा भाव मग चारशे बागांना लागतो. म्हणून मी म्हणतो की सौदा करणाऱ्यालाही लिलाव जिवंत राहण्यात स्वार्थ आहे, ज्यांना वाटतं की मार्केट मोडलं तरी आपलं काय जातं, त्यांनी हे एकदा मनात घोळवून बघावं.

हे फक्त आपल्याकडेच नाही. हॉलंडमधे भाजीचा लिलाव १८८७ साली ब्रुक ऑप लांगेडाइक नावाच्या गावात सुरू झाला, तिथे शेतकरी कालव्यातून होडीत कोबी-फ्लॉवर घेऊन यायचे आणि पुढे तर होडी सरळ लिलावाच्या इमारतीतूनच जायची. त्यांची बोली आपल्या उलटी, घड्याळाचा काटा चढ्या भावावरून खाली खाली येतो आणि जो पहिला बटण दाबेल त्याचा माल. एका गाडीला काही सेकंद लागतात, नाशवंत मालाला हे फार सोयीचं. इतकी चांगली पद्धत, तरी १९९६ मधे तिथले ९ भाजी-फळांचे लिलाव एकत्र येऊन द ग्रीनरी ही एक संस्था झाली आणि भाजी हळूहळू घड्याळावरून ठरवून विकण्याकडे गेली. कारण गिऱ्हाईक बदललं होतं. गल्लीतले शेकडो भाजीवाले जाऊन मोठ्या सुपरमार्केटच्या साखळ्या आल्या, त्यांना रोज सकाळी काय भाव फुटतो ही गंमत नको होती, त्यांना पुढच्या आठवड्यात अमुक टन, अमुक साइज, अमुक पॅकिंग पक्कं पाहिजे होतं. जपानमधे पण तसंच, १९२३ च्या कायद्यापासून मोठ्या घाऊक बाजारात लिलाव हाच नियम होता, १९९९ च्या बदलात ती सक्ती गेली, आणि आज तिथली बहुतेक भाजी-फळं बोलून ठरवून विकली जातात. पण टोकियोच्या तोयोसु बाजारात मोठा ट्युना मासा अजून लिलावातच विकतात. का? कारण प्रत्येक मासा वेगळा, आतलं मांस कसं निघेल त्याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा, तिथे चार जाणकारांनी एकमेकांसमोर बोलल्याशिवाय खरा भाव कळतच नाही. कोबीचा गड्डा मात्र काल होता तसाच आज आहे.

हे आपल्या मालाला लावून बघा. आसोदा-बामणोदकडची भरिताची वांगी जळगावच्या मार्केटात पहाटे येतात, थंडीत मागणी भरपूर, प्रत्येकाच्या टोपलीतला माल वेगळा, घेणारे किरकोळ विक्रेते पुष्कळ, म्हणजे बोलीला एकदम योग्य. उलट तांदलवाडीसारख्या गावातली एक्स्पोर्टची केळी, जिला घडाला पिशव्या घातल्या, फुलकिडीसाठी काळजी घेतली, फणीला डाग नाही, १३ किलोच्या बॉक्समधे भरायची, ती जर साध्या ढिगात बोलीला लावली तर त्या मेहनतीचे पैसे कोण देणार? बोलणारा माणूस गाडीवर मिनिटभर थांबतो, वरचा थर बघतो, बोलतो आणि पुढे जातो, त्याला तुमच्या पिशव्या दिसत नाहीत. जिथे क्वालिटी आधी ठरवून पिकवायची असते तिथे कंपनीशी किंवा निर्यातदाराशी आधीच लिहून केलेला सौदा पाहिजे, ह्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. फक्त लिहून. तोंडी सौद्यात भाव पडला की गाडी येत नाही आणि भाव चढला की शेतकऱ्याला दुसरा आठवतो, दोन्ही बाजूंनी असं झालेलं मी पाहिलंय.

ओळखीचं पण बोललं पाहिजे. फ्रान्समधे मार्सेच्या मासळी बाजारात भाव बोलून ठरायचे, तिथे अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की बरेच घेणारे रोज त्याच विकणाऱ्याकडे जातात, बाजूला स्वस्त मिळत असलं तरी. कारण टंचाईच्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकाला आधी माल मिळतो. आपल्याकडे उलट्या बाजूने तेच, माल वाहून चाललेला असतो तेव्हा नेहमीचा व्यापारी आपली गाडी आधी भरतो, भाव कमी देईल पण केळी झाडावर सडू देत नाही. याला किंमत आहे. पण त्याच ओळखीत उचल (व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे) घेतलेली असते, लग्नाला, औषधाला, ठिबकच्या नळ्यांना, आणि मग ती ओळख राहत नाही, तो दोर होतो. उचल अंगावर असलेला शेतकरी दुसऱ्याला फोनच लावू शकत नाही, म्हणजे त्याचे गिऱ्हाईक कायम एक. माझ्या मते खेडा खरेदीतलं सगळ्यात मोठं नुकसान वजनाच्या काट्यात नाही, ह्या उचलीत आहे.

खर्चाचं थोडक्यात. लिलावाला गाडीभाडं, हमाली, तोलाई, आणि दिवस मोडतो. २०१६ च्या जुलैपासून महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळा झाला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा हातात आलेली पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) नीट वाचा, आडत आपल्या नावावर कापली असेल तर विचारा. दहा कॅरेट भेंडीसाठी ५० किलोमीटर गाडी नेऊन क्विंटलला शंभर जादा मिळवले तर हिशोब घाट्यातच जातो.

मग एखाद्याने करायचं काय? कोणाचा माल कोणता त्यावर आहे, पण मी आता काकांच्या बागेसाठी काय करतो ते सांगतो. माल भरायच्या वीस दिवस आधी चार व्यापाऱ्यांना बोलावतो, एकाच दिवशी नाही तर एकाच आठवड्यात, आणि प्रत्येकाला सांगतो की बाकीचेही येऊन गेलेत. हा बांधावरचा छोटा लिलावच झाला, फक्त माल झाडावर आहे म्हणून घाई आपल्याला कमी आणि त्यांना जास्त. केरळात १९९७ पासून मोबाईल आले तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी हेच केलं, समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांवर फोन लावून जिथे घेणारे जास्त तिथे होडी वळवली, रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासात दिसलं की बंदराबंदरातला भावाचा फरक खूप कमी झाला आणि न खपून फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ बंद झाली. नवी पद्धत काही आली नव्हती, किनाऱ्यावर लिलाव होता तसाच होता, होडीवाल्याला फक्त कुठे किती घेणारे उभे आहेत ते आधी कळायला लागलं.

आणि एक वही केलीय. तारीख, रावेरचा बोर्ड, बऱ्हाणपूरचा भाव, आपल्याला प्रत्यक्ष मिळालेला भाव, त्या दिवशी किती जणांनी मागितलं, आणि पैसे किती दिवसांनी आले. शेवटचा रकाना काकांनी सांगितला म्हणून घातला, कारण पन्नास जादा देऊन दोन महिने पैसे न देणारा त्यांनी पाहिलाय. दिवाळीला मामा आले तेव्हा त्यांना वही दाखवली, त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, मग एवढंच म्हणाले की मागितलं किती जणांनी तो रकाना मलाही पाहिजे, मिरचीचा सीझन चालू आहे, उद्यापासून लिहितो.